‘सेटिंग’ लावलेली गुणवत्ता

मराठीत ‘सेटिंग’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक मोबाईलमधली, टीव्हीमधली, सॉफ्टवेअरमधली सेटिंग. दुसरी "टेन्शन नको घेऊस रे, आपली आत सेटिंग आहे" मधली सेटिंग. आजचा लेख पहिल्या प्रकारच्या सेटिंगबद्दल आहे. पण आमच्या धंद्यात पहिलीचा रस्ता दुसरीकडे कधी वळतो ते कळतसुद्धा नाही, आणि माझं भांडण नेमकं त्या वळणाशी आहे.

विषय तसा रुक्ष आहे, पण आयटीतल्या मंडळींनी जरा धीर धरा. रिक्वायरमेंट, म्हणजे ‘सॉफ्टवेअरने काय केलं पाहिजे’ हे सांगणारी वाक्यं, तपासणारी टूल्स हल्ली बऱ्याच प्रोजेक्टवर असतात. कुठे वर्डला जोडलेली, कुठे डोअर्सला, कुठे जामाला. तुम्ही वाक्य लिहिता आणि टूल ते लाल-पिवळं-हिरवं रंगवून देतं. "सिस्टिमने लवकर प्रतिसाद दिला पाहिजे" असं लिहिलंत (अर्थात इंग्रजीत) की ‘लवकर’खाली लाल रेघ. लवकर म्हणजे किती? "योग्य तिथे संदेश दाखवावा" लिहिलंत की ‘योग्य तिथे’वर रेघ. एका वाक्यात दोन-तीन गोष्टी ‘आणि’ने जोडल्यात की रेघ. ‘नंतर ठरवू’ लिहिलंत तर अर्थातच रेघ. आणि शेवटी सगळ्या कागदपत्राला मिळून एक गुण.

ही कल्पना नवी नाही. नासाच्या गोडार्ड केंद्रातल्या मंडळींनी १९९७ च्या सुमाराला ‘आर्म’ नावाचं टूल असंच बनवलं होतं. ‘पुरेसं’, ‘सोपं’, ‘वेळेवर’, ‘सामान्यपणे’ अशा कमकुवत शब्दांची यादी करायची, ‘करता येईल’, ‘करू शकेल’ असे पळवाट देणारे शब्द मोजायचे, अर्धवट सोडलेल्या जागा मोजायच्या. शब्द मोजणं एवढंच काम. आजच्या टूल्समध्ये व्याकरण कळतं, एआय असतं, रंग जास्त छान असतात, पण पाया तोच आहे.

आता या प्रत्येक टूलला सेटिंगचं एक पान असतं. कुठला नियम चालू, कुठला बंद. कुठला शब्द यादीत ठेवायचा, कुठला काढायचा. कुठल्या चुकीला किती गुण कापायचे. किती गुणांवर हिरवा. माझ्या मते अख्ख्या प्रोजेक्टमधलं हे सगळ्यात महत्त्वाचं पान असतं, आणि सगळ्यात कमी लोकांनी बघितलेलं पण.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. सेटिंग बदलूच नये असं म्हणणारा मी नाही. "टूल जसं आलं तसंच वापरा" म्हणणारी सोवळ्यातली मंडळी असतात, त्यांच्याशीही माझं पटत नाही. कारण डिफॉल्ट सेटिंग ही काही वेदवाणी नव्हे. तीही कुणीतरी, कुठल्यातरी वेगळ्या धंद्याचा विचार करून ठरवलेली असते.

साधं उदाहरण घ्या. इंग्रजीतला ‘मस्ट’ हा शब्द चांगला की वाईट? इंटरनेटचे प्रोटोकॉल लिहिणारे लोक १९९७ सालच्या आरएफसी २११९ चा आधार घेतात. तिथे ‘मस्ट’ आणि ‘शॅल’ यांचा अर्थ एकच, दोन्ही सक्तीचे. अमेरिकन सरकारची ‘सोप्या भाषेची’ मार्गदर्शिका म्हणते की ‘शॅल’ टाळा, ‘मस्ट’ वापरा, लोकांना तेच कळतं. आणि आमचं बायबल, म्हणजे २९१४८ नंबरचं आयएसओ मानक, म्हणतं की सक्तीसाठी ‘शॅल’ वापरा आणि ‘मस्ट’ टाळलेलाच बरा. घ्या! तिन्ही शहाणी माणसं, तिन्ही आपापल्या जागी बरोबर. मग टूलने ‘मस्ट’ला लाल करायचं की हिरवं? उत्तर एकच: तुम्ही कोणाच्या घरात राहता त्यावर अवलंबून.

‘शुड’चं पण तसंच. बऱ्याच टूल्सना ‘शुड’ म्हणजे बोटचेपेपणा वाटतो. पण आरएफसी २११९ मध्ये त्याला चोख अर्थ आहे: सबळ कारण असेल तर हे मोडता येईल, पण परिणाम नीट समजून घेऊन मगच. पुढे २०१७ साली आरएफसी ८१७४ ने असंही सांगितलं की हे खास अर्थ फक्त कॅपिटल अक्षरांत लिहिलेल्या शब्दांनाच. म्हणजे नेटवर्किंगच्या प्रोजेक्टवर तुमच्या टूलला कॅपिटल आणि स्मॉल यातला फरकसुद्धा शिकवावा लागेल. सेटिंगला हात न लावता हे होणार कसं?

किंवा ‘नाही’ हा शब्द. इन्कोसची रिक्वायरमेंट लिहिण्याची गाईड सांगते की नकारार्थी वाक्यं टाळा. तत्त्व म्हणून उत्तम, कारण "सिस्टिम क्रॅश होणार नाही" याची टेस्ट कधी संपणार? पण "ट्रेन चालू असताना दार उघडता कामा नये" हे वाक्य नकाराशिवाय लिहायला बसलात तर साध्या गोष्टीचा विनाकारण गुंता होईल. जिथे माणसाच्या जिवाशी गाठ आहे तिथे ‘नाही’ ठणकावूनच म्हणावं लागतं.

तेव्हा सेटिंग बदला. बदलावीच लागते. सोनाराचा काटा वेगळा आणि भंगारवाल्याचा काटा वेगळा. भंगारवाल्याने मिलिग्रॅममध्ये मोजायला घेतलं तर संध्याकाळपर्यंत एक सायकलसुद्धा मोजून होणार नाही. पण काटा वेगळा असणं ही एक गोष्ट आणि ‘काटा मारणं’ ही दुसरी. आपल्याकडे वैधमापन खातं उगीच नाही. दुकानदाराचं वजन तपासून त्यावर शिक्का मारायचं काम दुकानदाराकडे नसतं. का नसतं हे भाजी आणायला जाणाऱ्या कुठल्याही काकूंना विचारा.

आणि आमच्याकडे? आमच्याकडे जो विकतो त्याच्याच हातात काट्याचा स्क्रू असतो.

होतं काय बघा. क्लायंट कुठल्यातरी कॉन्फरन्सला जाऊन येतो आणि सांगतो, "आता सगळ्या रिक्वायरमेंट्सचा स्कोअर अमुक एक झाल्याशिवाय आम्ही डॉक्युमेंट स्वीकारणार नाही." पीएमच्या स्लाईडवर एक नवीन आकडा येतो. पहिल्या दिवशी टूल चालवलं की अर्धं डॉक्युमेंट रक्तबंबाळ. आता खरा उपाय काय? प्रत्येक लाल वाक्य घेऊन क्लायंटकडे जायचं आणि विचारायचं, "लवकर म्हणजे किती सेकंदांत? किती युजर असताना? नेटवर्क गेलं तर काय?" याला आठवडे लागतात. क्लायंटला स्वतःलाच ठाऊक नसतं, मग त्यांच्यात आपापसात भांडणं होतात, मग मीटिंगवर मीटिंग. दुसरा उपाय पाच मिनिटांचा आहे. सेटिंगच्या पानावर जायचं आणि टिक काढायची.

मी काम केलेल्या एका प्रोजेक्टवर (कंपनीचं नाव सोडा, सगळीकडे असंच असतं) हे समोर बसून पाहिलंय. सोमवारी लाल असलेलं डॉक्युमेंट शुक्रवारी हिरवंगार. मधल्या चार दिवसांत एकाही रिक्वायरमेंटचा अर्थ बदलला नव्हता. ‘आणि’चा नियम बंद झाला होता, ‘कर्मणी प्रयोग टाळा’चा नियम बंद झाला होता, कमकुवत शब्दांच्या यादीतले आठ-दहा शब्द गायब झाले होते. शुक्रवारी संध्याकाळी टीमला पिझ्झा आला. दहावीच्या परीक्षेतून अवघड धडे काढून टाकायचे आणि निकाल ९५ टक्के लागला म्हणून पेढे वाटायचे, त्यातला प्रकार!

टिक काढण्यापेक्षा सोज्वळ दिसणारी एक पद्धत आहे, आणि ती मला जास्त घातक वाटते. यादीत ‘लवकर’ आहे ना? मग ‘लवकर’ काढून ‘ठरवून दिलेल्या वेळेत’ लिहायचं. टूल खूश. आता ती वेळ कुठे ठरवून दिलीय? कुठेच नाही. ‘नंतर ठरवू’वर रेघ येते? मग ‘पुढील टप्प्यात निश्चित केल्याप्रमाणे’. अर्थ तोच, फक्त टाय लावून आलाय. उलट आधीचं वाक्य निदान प्रामाणिक होतं. ‘नंतर ठरवू’ वाचून एखाद्याला प्रश्न तरी पडला असता.

आता तर एआयची सोय आहे. त्याला म्हणायचं, "हे वाक्य हिरवं करून दे." तो बिचारा आज्ञाधारक. "सिस्टिम २ सेकंदांत प्रतिसाद देईल" असं लिहून देतो. मोजता येतं, टेस्ट करता येतं, एकही कमकुवत शब्द नाही, शंभर पैकी शंभर! फक्त ते २ सेकंद आले कुठून? क्लायंटने सांगितले नाहीत, आर्किटेक्टने मोजले नाहीत. हवेतून आले. आणि सहा महिन्यांनी तोच आकडा करारातलं कलम बनून तुमच्या मानगुटीवर बसतो.

तुम्ही म्हणाल, "अरे बाबा, पण ही टूल्स खोट्या तक्रारी फार करतात. ‘टर्म्स अँड कंडिशन्स’मधल्या ‘अँड’वर पण रेघ मारतात. मग नियम बंद नको करू तर काय करू?" मुद्दा शंभर टक्के मान्य. खोट्या तक्रारींनी टूल मरतं. लांडगा आला रे आला दहा वेळा झालं की अकराव्यांदा कोणी बघत नाही. कोड तपासणाऱ्या टूल्सच्या जगात हा धडा लोक फार आधी शिकलेत. गूगलने २०१५ साली त्यांच्या ‘ट्रायकॉर्डर’ या सिस्टिमबद्दल एक पेपर लिहिला. एखाद्या तपासणीच्या तक्रारींपैकी साधारण दहा टक्क्यांहून जास्त तक्रारी डेव्हलपरला निरुपयोगी वाटत असतील तर ती तपासणी त्यांना चालत नाही, दुरुस्त तरी करतात नाहीतर काढून टाकतात. म्हणजे ‘डिफॉल्ट ते पवित्र’ असं तेही मानत नाहीत.

पण त्याच पेपरमधला दुसरा मुद्दा आमचे लोक सोयीस्करपणे विसरतात. तिथे सेटिंग बदलायची सोय प्रोजेक्टच्या पातळीवर आहे, माणसाच्या पातळीवर नाही. मला एखादी तक्रार आवडत नाही म्हणून माझ्यापुरती बंद, असं नाही. बदलायची तर सगळ्या टीमसाठी बदला, सगळ्यांना दिसेल अशी बदला. आता हा फरक रिक्वायरमेंटच्या टूल्सना लावून बघा. किती प्रोजेक्टवर सेटिंगची फाईल कुठे आहे हे टेस्टिंगवाल्यांना माहीत असतं? मी विचारतो तेव्हा उत्तर बहुतेक वेळा "ती त्याच्या लॅपटॉपवर असेल" असंच येतं.

बरं, समजा सगळं प्रामाणिकपणे केलं. एकही टिक काढली नाही, एकही शब्द चोरून बदलला नाही, आणि डॉक्युमेंट हिरवं झालं. तरी त्या हिरव्याचा अर्थ काय? १९९८ च्या आयईईई ८३० या जुन्या मानकात चांगल्या स्पेसिफिकेशनचे आठ गुण दिलेत. त्यातला पहिलाच म्हणजे ‘बरोबर असणं’. आणि तिथेच स्पष्ट म्हटलंय की बरोबर असण्याची खात्री देणारं कुठलंही टूल किंवा पद्धत अस्तित्वात नाही. २०११ मध्ये हे मानक जाऊन २९१४८ आलं, पण हे वाक्य अजून जुनं झालेलं नाही.

पटत नसेल तर अवकाशात बघा. मार्स क्लायमेट ऑर्बिटर, २३ सप्टेंबर १९९९. यान मंगळापाशी पोचलं आणि गेलं. ठरल्यापेक्षा कितीतरी खाली, साधारण ५७ किलोमीटरच्या उंचीवरून गेलं. चौकशीत काय निघालं, तर जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने पाउंड-सेकंदांत आकडे दिले आणि पुढच्याने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. दोन्हींत ४.४५ पटीचा फरक. गंमत म्हणजे स्पेसिफिकेशनमध्ये मेट्रिक एकक वापरायचं असं स्पष्ट लिहिलेलं होतं! कुठल्याही टूलने त्या वाक्याला पूर्ण गुण दिले असते. ते पाळलंय का हे बघायचं मात्र राहून गेलं.

त्याच्या तीन वर्षं आधी, ४ जून १९९६ ला एरियन ५ चं पहिलं उड्डाण. जेमतेम ४० सेकंदांत रॉकेटचे तुकडे. ६४ बिटांचा आकडा १६ बिटांच्या जागेत बसवताना सॉफ्टवेअर कोसळलं, हे आपण सगळ्यांनी कॉलेजात ऐकलेलं असतं. त्यामागचं कारण मात्र रिक्वायरमेंटमध्ये होतं. कोसळलेला भाग उड्डाणानंतर चालू राहायची एरियन ५ ला गरजच नव्हती. ती एरियन ४ च्या काळातली गरज, तशीच पुढे आली. आणि एरियन ५ चा उड्डाणमार्ग वेगळा आहे ही माहिती त्या यंत्रणेच्या स्पेसिफिकेशनमध्ये घातलेलीच नव्हती. आता सांगा, न लिहिलेल्या वाक्याखाली लाल रेघ कशी मारणार?

मग टूल कशाला वापरायचं? कारण ते एक काम फार छान करतं. ते प्रश्न विचारतं. लाल रेघ म्हणजे ‘इथे कोणीतरी कोणालातरी काहीतरी विचारायचं राहिलंय’ एवढाच निरोप. निरोप वाचून फोन करायचा असतो. निरोप आणणाऱ्याचं तोंड बांधायचं नसतं. आणि इथेच मुद्दा गुणांचा येतो. गुण हेच ध्येय झालं की ते मोजमाप म्हणून निकामी होतात, याला गुडहार्टचा नियम म्हणतात. आपल्याकडे तो कळायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही, क्लास लावून मिळवलेले टक्के आणि प्रत्यक्ष येणारा विषय यातला फरक आपण घरोघरी पाहिलाय.

तेव्हा माझं म्हणणं असं. नुसती टीका करून पळून जाणार नाही, पाच मागण्या मांडतो:

१. सेटिंगची फाईल डॉक्युमेंटच्या शेजारी, त्याच रिपॉझिटरीत, व्हर्जनसकट. कुठल्या सेटिंगने काढलाय हे न सांगता दिलेला स्कोअर म्हणजे कुठल्या बोर्डाचे ते न सांगता सांगितलेले टक्के.

२. बंद केलेल्या प्रत्येक नियमापुढे एक ओळ कारण, बंद करणाऱ्याचं नाव आणि पुन्हा कधी बघायचं ती तारीख. "फार तक्रारी येतात" हे कारण नाही. "या प्रोजेक्टवर सुरक्षेच्या अटी नकारार्थीच लिहायच्या असं ठरलंय" हे कारण आहे.

३. अख्खा नियम बंद करण्याआधी अपवाद घाला. ‘टर्म्स अँड कंडिशन्स’ हा एक शब्द समज, एवढं टूलला शिकवता येत असेल तर शिकवा. ढेकणांसाठी घर जाळू नका.

४. सर्वात महत्त्वाचं: सेटिंगची किल्ली लिहिणाऱ्याकडे नको आणि ज्याचं अप्रेझल त्या आकड्यावर आहे त्याच्याकडे तर मुळीच नको. ती वाचणाऱ्याकडे द्या, म्हणजे टेस्टरकडे. ‘लवकर’ या शब्दावर टेस्ट केस लिहायची पाळी ज्याच्यावर येणार, त्यालाच ठरवू दे ‘लवकर’ चालतो की नाही.

५. क्लायंटला एक आकडा दाखवू नका. उघडे प्रश्न दाखवा. "आमचा स्कोअर ९३ आहे" यापेक्षा "या सतरा जागी तुमचं उत्तर हवंय" हे कमी देखणं आहे, पण पुढचं काम त्यानेच सरकतं.

"एवढा वेळ कोणाकडे आहे?" हा प्रश्न येणारच. एक ओळ कारण लिहायला वेळ नाही, पण यूएटीमध्ये ‘लवकर’चा अर्थ काय यावर तीन टाईमझोनमध्ये बसून भांडायला वेळ आहे? कारण ते भांडण चुकत नाही, फक्त पुढे ढकललं जातं. आणि पुढे ढकललं की ते माणूस बदलतं. सेटिंग बदलणारा तोपर्यंत दुसऱ्या प्रोजेक्टवर किंवा ऑनसाइट गेलेला असतो. भांडायला उरते ती दोन वर्षं अनुभव असलेली टेस्टर, जिला क्लायंट विचारतो, "तुमच्या डॉक्युमेंटमध्ये सगळं हिरवं होतं ना, मग हे काय?" आणि शनिवारी रात्री सपोर्टच्या कॉलवर बसतो तो कालपरवा जॉईन झालेला फ्रेशर. चेंज रिक्वेस्ट की डिफेक्ट, म्हणजे पैसे मिळणार की फुकट राबायचं, याचा फैसला त्याच एका धूसर शब्दावर होतो. बहुतेक वेळा फुकटच राबायचं असतं, आणि राबणारा कोण हे सांगायला नको.

हिंजवडीत किंवा मगरपट्ट्यात बसून आपण जर्मनीतल्या गाडीसाठी नाहीतर अमेरिकेतल्या हॉस्पिटलसाठी वाक्यं लिहितो. लिहिणाऱ्याची ती मातृभाषा नाही, आणि कित्येकदा वाचणाऱ्याचीही नाही. अशा वेळी "समजून घेतील" यावर भिस्त ठेवणं परवडत नाही. या टूल्सची गरज सगळ्यात जास्त आपल्यालाच आहे. आणि म्हणूनच त्यांचा काटा मारला की सगळ्यात जास्त नुकसानही आपलंच.

तर मंडळी, सोमवारी ऑफिसात गेलात की एक काम करा. आपल्या प्रोजेक्टची ती सेटिंगची फाईल मागा. मिळाली तर बंद असलेल्या नियमांची यादी वाचा आणि प्रत्येकापुढे विचारा, "हा कोणी बंद केला आणि का?" उत्तर मिळालं तर ती सेटिंग. उत्तराऐवजी नुसतं हसू मिळालं, तर ती दुसरी सेटिंग. :-)